तिखट चीज-सँडविच : तव्यावरचा एक शास्त्रीय धडा

स्वयंपाकघरांत कांहीं पदार्थ असे असतात कीं, त्यांची कृति कोणी विचारली तर सांगणारा हंसूनच उत्तर देतो. पावाचे दोन काप घ्यावे, मध्यें चटणी व चीज घालावें आणि तव्यावर भाजावें. यांत शिकण्यासारखें तें काय? परंतु दिसतें तसें नसतें, ही म्हण या पदार्थास जितकी लागू पडते तितकी क्वचितच दुसऱ्या एखाद्यास पडत असेल. रविवारच्या सायंकाळीं मोठ्या हौसेनें केलेल्या सँडविचांची दशा पुष्कळ घरांत सारखीच होते. कोठें पाव काळा पडतो आणि आंतील चीज थंडगार राहतें. कोठें चटणीचें पाणी सुटून पाव लगद्यासारखा होतो. कोठें पहिल्या घासाला मिरचीचा पत्ता नसतो, तर दुसऱ्या घासाला डोळ्यांतून पाणी येतें. चौथी तक्रार पदार्थाची नसून घराची आहे. एकेक सँडविच भाजून वाढतां वाढतां भाजणारें माणूस चुलीपाशींच उभें राहतें, आणि सर्वांचें खाणें आटोपल्यावर शेवटचें, बहुधा मोडकें व गार झालेलें सँडविच त्याच्या वांट्याला येतें.

चीज हा कांहीं स्वस्त जिन्नस नव्हे, आणि घरच्या माणसाचे श्रम तर त्याहूनहि मोलाचे. तेव्हां या चार तक्रारींचें मूळ शोधणें हें फुकटचें पांडित्य ठरणार नाहीं. तें मूळ थोडक्यांत असें सांगतां येईल कीं, पाव, चीज, चटणी आणि मिरची यांचे स्वभाव अगदीं भिन्न असतांना त्या सर्वांना एकाच घाईनें एकाच आंचेवर वागविलें जातें. प्रत्येकाचा स्वभाव ओळखला, म्हणजे कृति आपोआप सुधारते.

प्रथम या मंडळींच्या कुळाची थोडी ओळख करून घेणें योग्य होईल. सँडविच हें इंग्लंडच्या केंट परगण्यांतील एका गांवाचें नांव. त्या गांवाच्या नांवानें उमरावपद मिळालेल्या घराण्यांतील चौथे अर्ल जॉन माँटेग्यू (१७१८-१७९२) हे खेळाच्या मेजावरून न उठतां पावाच्या दोन कापांत मांस घालून खात, अशी कथा प्रसिद्ध आहे. कथेंतील तपशील कसाहि असो, पदार्थाला नांव त्यांच्यावरून पडलें. पाव हा शब्द पोर्तुगीज भाषेंतून आलेला असून, गोव्यांत घरोघर पाव पोंचविणाऱ्याला आजहि पोदेर म्हणतात. मिरची तर मूळची अमेरिकेंतील. पोर्तुगीजांनीं १५१० सालीं गोवें घेतल्यानंतर त्यांच्याच गलबतांतून ती या किनाऱ्यावर उतरली. त्यापूर्वीं येथील तिखटपणा मिरें, पिंपळी व आलें यांवर चालत असे. आज मिरचीवांचून महाराष्ट्रीय ताटाची कल्पनाहि करवत नाहीं. इतकी ती परकी पाहुणी घरचीच होऊन गेली.

चिजाची गोष्ट निराळी. दूध नासवून त्याचा चोथा खाण्याची रीति या देशांत जुनी असली, तरी दूध रेनेट नांवाच्या द्रव्यानें गोठवून, दाबून आणि महिनोन्‌महिने मुरवून केलेलें चीज येथें फारसें रुजलें नव्हतें. १९४६ सालीं गुजराथेंतील आणंद येथें खेडा जिल्ह्यांतील दूध-उत्पादकांचा सहकारी संघ त्रिभुवनदास पटेल यांच्या नेतृत्वाखालीं स्थापन झाला. मुंबई शहरास दूध पुरविणें हें त्याचें आरंभींचें मोठें काम. वर्गीस कुरियन १९४९ सालीं आणंदास आले, आणि पुढें म्हशीच्या दुधापासून भुकटी, लोणी व चीज बनविण्याची विद्या तेथें वाढीस लागली. त्या चळवळीमुळेंच चीज हा जिन्नस साध्या वाण्याच्या दुकानांत दिसूं लागला.

मुंबईच्या रस्त्यांवरील सँडविचवाल्यांनीं या सर्वांचा संगम घडविला. लोणी लावलेला पाव, हिरवी चटणी, उकडलेल्या बटाट्याच्या चकत्या, काकडी, टोमॅटो, कांदा, बीट, वर मसाल्याची चिमूट आणि किसलेलें चीज. मग बिजागरीच्या लोखंडी साच्यांत तें सर्व दाबून निखाऱ्यावर किंवा गॅसवर भाजावयाचें, हें त्यांचें तंत्र. कचेरी सुटल्यावर त्या गाडीभोंवतीं जमणारी गर्दी पाहिली, म्हणजे त्या तंत्रांत कांहीं तथ्य आहे हें पटतें. तें तथ्य घरच्या तव्यावर आणतां येतें. मात्र त्यासाठीं पुढील विवेचन लक्षांत घ्यावयास पाहिजे.

आतां चिजाचा स्वभाव पाहूं. दुधांत केसीन नांवाचें प्रथिन असतें. रेनेटनें दूध गोठतें तेव्हां या केसीनचें एक जाळें तयार होतें, आणि कॅल्शियम त्या जाळ्याच्या गांठी बांधून ठेवतें. जाळ्यांत स्निग्धांश व पाणी अडकलेलें असतें. उष्णता लागली कीं प्रथम स्निग्धांश पातळ होतो. मग सुमारें ६० अंश सेंटिग्रेडच्या आसपास जाळ्याच्या गांठी सैल पडून चीज वाहूं लागतें. परंतु आंच याहून फार वाढली, तर जाळें आकसतें, तूप बाहेर येतें आणि मागें चिवट, रबरासारखा गोळा राहतो. अर्थात् चिजाला उष्णता हवी, पण ती सौम्य व सावकाश हवी.

डब्यांत व चौकोनी वड्यांत मिळणारें प्रक्रिया केलेलें चीज याबाबतींत अधिक सोशीक असतें. स्वित्झर्लंडमध्यें वॉल्टर गेर्बर व फ्रिट्झ स्टेट्लर यांनीं १९११ सालीं चीज वितळवितांना त्यांत सायट्रेट जातीचें क्षार मिसळून पाहिले. हे क्षार कॅल्शियमला आपल्याकडे ओढतात, त्यामुळें केसीन मोकळें होऊन स्निग्धांशास धरून ठेवतें व तूप वेगळें पडत नाहीं. अमेरिकेंत जेम्स क्राफ्ट यांस १९१६ सालीं अशाच प्रकारच्या चिजाचें पेटंट मिळालें. सँडविचांत हें चीज गुळगुळीत वितळतें, तें याच कारणानें.

पनीर मात्र कितीहि भाजलें तरी वितळत नाहीं. याचें आश्चर्य वाटण्याचें कारण नाहीं. तें तापलेल्या दुधांत आंबट द्रव्य घालून केलेलें असतें. आंबटपणानें केसीनमधील कॅल्शियम निघून जातें, आणि तापण्यानें दुधांतील इतर प्रथिनेंहि त्यास घट्ट चिकटतात. म्हणून पनिरानें सँडविचाला भरीवपणा येतो, पण दोन काप एकमेकांस चिकटविण्याचें काम त्याच्यानें होत नाहीं. ज्यांस खर्च आंवरावयाचा असेल त्यांनीं अर्धें पनीर कुसकरून व अर्धें चीज किसून एकत्र करावें. दोघांचेहि गुण साधतात.

येथेंच खरेदीविषयीं एक सूचना. बाजारांत चिजासारख्या दिसणाऱ्या कांहीं वस्तूंत दुधाच्या स्निग्धांशाऐवजीं वनस्पतितेल घातलेलें असतें. वेष्टनावरील घटकांची यादी वाचावी. तींत तेलाचा उल्लेख असेल, तर ती वस्तु चिजाच्या भावानें घेणें म्हणजे दुधाचे पैसे देऊन तेल घरीं आणणें होय.

पावाचा स्वभाव चिजाच्या नेमका उलट. पाव पोकळ्यांनीं भरलेला असतो व पोकळ्यांत हवा असते. हवा ही उष्णतेची मंद वाहक. त्यामुळें तव्याला टेंकलेली बाजू करपली तरी वरच्या बाजूस उष्णतेची वार्ताहि नसते. शिवाय पावावर जो सोनेरी, खमंग रंग येतो तो पिठांतील प्रथिनें व साखर यांच्या परस्परक्रियेनें येतो. लुई कामीय माईयार या फ्रेंच शास्त्रज्ञानें १९१२ सालीं या क्रियेचें वर्णन केलें, म्हणून तिला त्याचें नांव मिळालें. ती झपाट्यानें होण्यास सुमारें १४० अंश उष्णमान लागतें. पण पृष्ठभागांत पाणी आहे तोंवर उष्णमान १०० अंशांच्या फारसें वर जात नाहीं. सर्व उष्णता वाफ करण्यांत खर्ची पडते. ओल्या पावाला रंग येत नाहीं, तो यामुळें.

यावरून दोन नियम निघतात. पहिला, पाव ताजा मऊ नसून आदल्या दिवसाचा असावा. त्यांतील ओल थोडी कमी झालेली असते व काप भाराखालीं दबत नाहीं. उरलेला पाव टाकून न देतां त्याचा कोंड्याचा मांडा करण्याची ही उत्तम संधि आहे. मात्र बुरशीचा ठिपका दिसला तर तो भाग कापून बाकीचा वापरूं नये. बुरशीचे धागे डोळ्यांस न दिसतां आंत पसरलेले असतात. दुसरा नियम, आंच मंद असावी. मोठी आंच म्हणजे उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. पावाला रंग येण्यास व चिजाला ६० अंशांपर्यंत पोंचण्यास सारखाच वेळ मिळाला पाहिजे, आणि तो मंद आंचेवरच मिळतो.

लोण्याबद्दलहि विवेक हवा. लोण्यांत सुमारें चार पंचमांश स्निग्धांश असतो. बाकी पाणी व दुधाचे थोडे घन कण. हे कण खमंग रंग देतात, पण आंच वाढली कीं तेच प्रथम जळतात. तुपांत ते गाळून गेलेले असल्यामुळें तूप अधिक आंच सोसतें. म्हणून आंतल्या बाजूस लोणी व तव्याकडच्या बाजूस तूप, ही वांटणी सर्वांत निर्धोक. आंतील लोण्याचें आणखी एक काम आहे. स्निग्ध थरांतून पाणी पावांत शिरत नाहीं. म्हणून लोणी कडेपर्यंत पसरावें आणि त्यावर चटणी लावावी, चटणीवर लोणी नव्हे.

आतां राहिली मिरची. तिच्यांतील तिखट द्रव्यास कॅप्सायसिन म्हणतात. तें बियांत असतें असा सार्वत्रिक समज आहे. वस्तुतः बिया ज्या पांढऱ्या शिरेला चिकटलेल्या असतात त्या शिरेंत तें तयार होतें, व बियांना तिचा स्पर्श झाल्यामुळें त्या तिखट लागतात. तेव्हां तिखटपणा कमी करावयाचा असेल तर मिरची उभी चिरून पांढरी शीर खरवडून काढावी. सुवास राहतो, जाळ कमी होतो. तिखटपणा मोजण्याची पहिली प्रसिद्ध पद्धति विल्बर स्कोव्हिल या अमेरिकन औषधशास्त्रज्ञानें १९१२ सालींच, म्हणजे माईयारच्या शोधाच्याच वर्षीं बसविली, हा एक मौजेचा योगायोग.

मिरची चव नव्हे, तर दाह उत्पन्न करते. आपल्या मज्जातंतूंच्या टोंकांवर उष्णता ओळखणारीं जीं ग्राहकें असतात, त्यांपैकीं एक सुमारें ४३ अंशांच्या वर जागें होतें. कॅप्सायसिन त्याच ग्राहकाला जागें करतें, आणि मेंदूला वाटतें कीं तोंड भाजलें. डेव्हिड ज्युलियस यांनीं १९९७ सालीं हें ग्राहक शोधून काढलें. २०२१ सालीं त्यांस व आर्डेम पॅटापूटियन यांस वैद्यकशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. स्वयंपाकाच्या दृष्टीनें याचा अर्थ असा कीं, थंड चटणी चाखून जी बेताची वाटली ती कढत सँडविचांत अधिक झोंबते, कारण उष्णता व मिरची एकाच दारावर थाप मारतात. उलट पक्षीं, कॅप्सायसिन स्निग्ध पदार्थांत विरघळतें व पाण्यांत विरघळत नाहीं. म्हणून चिजाच्या संगतींत मिरची सौम्य होते. तोंड पोळल्यावर पाणी पिणें व्यर्थ. दूध किंवा दहीं घ्यावें. मिरच्या चिरल्यावर हाताला प्रथम थोडें तेल चोळून मग साबणानें धुवावे, आणि तोंवर डोळ्यांस हात लावूं नये.

ही पूर्वतयारी ध्यानांत ठेवून चार सँडविचांचें प्रमाण पुढें दिलें आहे. पावाचे ८ काप. किसलेलें चीज १६० ग्रॅम. मध्यम बटाटे २, उकडून पूर्ण गार केलेले. टोमॅटो १, कांदा १ लहान, ढोबळी मिरची अर्धी. लोणी व तूप प्रत्येकीं दोन चमचे. चटणीसाठीं चिरलेली कोथिंबीर २ वाट्या, पुदिन्याचीं पानें अर्धी वाटी, हिरव्या मिरच्या ४, आल्याचा लहान तुकडा, जिरें अर्धा चमचा, डाळें १ मोठा चमचा आणि अर्ध्या लिंबाचा रस. डाळें हें केवळ चवीसाठीं नसून चटणींतील सुटें पाणी शोषून घेण्यासाठीं आहे. वाटतांना पाणी शक्यतों घालूंच नये. लिंबाच्या रसावर भागवावें. लिंबाच्या आंबटपणानें चटणीचा हिरवा रंग लवकर काळवंडत नाहीं, हा आणखी एक लाभ. चिजांत मीठ भरपूर असल्यामुळें चटणींत नेहमींच्या निम्मेंच मीठ घालावें.

टोमॅटोच्या चकत्या पातळ कापून त्यांवर किंचित् मीठ भुरभुरावें व त्या दहा मिनिटें स्वच्छ फडक्यावर ठेवाव्या. सुटलेलें पाणी टिपून घ्यावें. पाव ओला होण्याचें अर्धें पाप टोमॅटोचें असतें, आणि तें या साध्या युक्तीनें टळतें. बटाटा गरम असतां चिरला तर मोडतो व वाफ सोडतो, म्हणून तो गारच घ्यावा. त्यावर भाजलेल्या जिऱ्याची पूड, काळें मीठ व मिऱ्यांची पूड यांची चिमूट टाकावी.

रचना करतांना चीज दोन वांट्यांत विभागावें. खालच्या कापावर लोणी, चटणी व चिजाचा पहिला थर. त्यावर बटाटा, कांदा, ढोबळी मिरची, टोमॅटो. त्यावर चिजाचा दुसरा थर आणि मग लोणी-चटणी लावलेला वरचा काप. चीज एकाच बाजूस घातलें तर दुसरा काप सुटा राहतो व चावतांना भाज्या घसरून बाहेर येतात. दोन्ही बाजूंस घातलें म्हणजे भिंतीच्या विटांना चुन्यानें धरावें तसें सर्व एकसंध होतें. चीज नेहमीं किसूनच घालावें. जाड वडीपेक्षां कीस लवकर व सारखा वितळतो.

तवा जाड बुडाचा घ्यावा व मध्यम आंचेवर तापवावा. पाण्याचा थेंब टाकल्यावर तो शांतपणें चुरचुरला तर तवा योग्य. थेंब नाचत सुटला तर तवा फार तापला आहे असें समजून आंच कमी करून थोडें थांबावें. बाहेरून तूप लावलेलें सँडविच तव्यावर ठेवून आंच मंद करावी व वर झांकण घालावें. झांकणाखालीं कोंडलेली उष्णता वरच्या बाजूनें चिजापर्यंत पोंचते. दोन मिनिटांनीं झांकण काढावें, नाहींतर वाफेनें पाव मऊ पडतो. सपाट बुडाच्या वाटीनें हलक्या हातानें दाबावें. जोर केला तर चीज कडेनें वाहून तव्यावर जळतें. एकूण तीन-चार मिनिटांत खालची बाजू सोनेरी झाली कीं उलथन्यानें उलटावें आणि दुसरी बाजू झांकण न घालतां तितकाच वेळ भाजावी. लोखंडी साचा असेल तर दर मिनिटास तो फिरवावा. विजेचें यंत्र असेल तर तें आधीं पूर्ण तापूं द्यावें.

उतरविलेलें सँडविच लगेच कापूं नये. मिनिटभर जाळीवर ठेवावें. तेवढ्यांत चीज किंचित् आवळतें व सुरी फिरवितांना वाहून जात नाहीं. ताटलींत ठेवलें तर खालीं वाफ साठून तळ ओला होतो, जाळीवर ती निघून जाते. हीच जाळी चौथ्या तक्रारीवरचा उपायहि आहे. रुंद तव्यावर दोन-दोन सँडविचें एकावेळीं भाजून जाळीवर एकाशेजारीं एक, एकावर एक न रचतां, ठेवावीं. चारहि तयार झालीं म्हणजे पहिलीं दोन पुन्हां अर्धा मिनिट तव्याला लावून सर्व एकदम वाढावीं. मंद आंचेवर सर्व मिळून वीस मिनिटांहून अधिक वेळ लागत नाहीं, आणि घरांतील चौघें एकाच पंगतीस बसतात. भाजणारें माणूस सर्वांच्या मागून एकटें खातें, हा पदार्थाचा धर्म नव्हे. ती केवळ नियोजनाची उणीव होय.

प्रकृतीचा विचार सुटतां कामा नये. १०० ग्रॅम चिजांत सुमारें २० ग्रॅम प्रथिनें असतात, ही जमेची बाजू. पण मीठ व स्निग्धांश हेहि त्यांत पुष्कळ. रक्तदाबाचा विकार असणारांनीं चीज निम्में करून बटाटा व भाज्या वाढवाव्या, आणि ज्यांस आम्लपित्ताचा त्रास आहे त्यांनीं मिरची कमी करून पुदिना व जिरें वाढवावें. लहान मुलांसाठीं चटणीचा एक वांटा मिरची घालण्यापूर्वींच काढून ठेवावा. शाळेच्या डब्यासाठीं सँडविच पूर्ण निवल्याशिवाय डब्यांत बंद करूं नये. आंत कोंडलेली वाफ सकाळची सारी खमंगता दुपारपर्यंत घालविते. आदल्या रात्रीं उकडलेला बटाटा शीतकपाटांतच ठेवावा, ओट्यावर नव्हे.

या पदार्थांत मोठी विद्या कोणतीच नाहीं. पावाला कोरडेपणा, चिजाला सौम्य आंच, चटणीला कमी पाणी आणि मिरचीला स्निग्धांशाची सोबत, एवढीं चार पथ्यें पाळलीं कीं रस्त्यावरच्या गाडीची खमंगता घरच्या ताटलींत उतरते. स्वयंपाक हा अनुभवाचा विषय आहे हें खरें. पण कारण ठाऊक असलें म्हणजे एका वेळच्या अनुभवांतून दहा वेळांचें शहाणपण येतें, आणि दुसऱ्या दिवशीं तोच तवा, तोच पाव व तेंच चीज अधिक चांगलें फळ देतात.